डबा आणि सायलेन्सर एकाच रोलरखाली नकोत

थोडी मोठी पोस्ट आहे. गाड्यांचा नाद असणाऱ्यांनी वाचाच, पण ज्यांना त्या नादाचा ताप होतो त्यांनी जास्त वाचा.

दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या शहरात पोलीस बुलेटचे फटाका सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात, वरून रोडरोलर फिरवतात, आणि तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. रात्री साडेअकराला दवाखान्यासमोरून फट्‌फट्‌ करत जाणाऱ्याला काय स्वातंत्र्य द्यायचं? रोलर फिरवा, मी टाळ्या वाजवतो.

माझी तक्रार वेगळी आहे. रोलरला सायलेन्सर आणि इतर वस्तू यातला फरक कळत नाही, आणि नाकाबंदीलाही कळत नाही.

आमच्या ओळखीत एक पोरगा आहे. आयटीआय फिटर, स्वतःचं छोटं शेड, शीटमेटल आणि अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगचं काम. त्याच्याकडे वीस वर्षांहून जुनी एक पेट्रोल गाडी आहे, वडिलांची. पंधरा वर्षांनंतरचं फेरनोंदणीचं सगळं रीतसर केलेलं. त्या गाडीच्या एअर फिल्टरचा मूळ प्लास्टिकचा डबा तडकला. कंपनीकडे सुटा भाग मिळत नाही, भंगारात मिळाला तो याहून वाईट. म्हणून त्याने दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा डबा स्वतः बनवला. दोन महिने खपत होता. मी तो डबा बघितलाय. एका नाक्यावर काहीतरी तपासणी चालू होती, बॉनेट उघडायला लावलं.

“काय रे, हे काय बसवलंयस?”

“साहेब, एअर फिल्टरचा डबा आहे. मूळचा फुटला म्हणून बनवला.”

“म्हणजे मॉडिफाय केलंयस की.”

झालं. दंड भरून पोरगा घरी आला. नवा डबा काढून माळ्यावर टाकला आणि जुन्या तडकलेल्या डब्याला एम-सील लावून तो परत चढवला. आता त्याची गाडी कायदेशीर दिसते. त्या एम-सीलच्या फटीतून न गाळलेली धूळ थेट इंजिनात जाते, रिंगा घासतात, उद्या तेल जळायला लागेल आणि मागून निळा धूर येईल. पण बॉनेट उघडलं तर सगळं ‘ओरिजिनल’. यात कुणाचा फायदा झाला, मला सांगा.

आता हा डबा म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे ते बघू. कारण हे कळल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही.

समजा १२०० सीसीची साधी पेट्रोल गाडी आहे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० श्वास, प्रत्येकी १.२ लिटर. हिशोबाने ३६०० लिटर होतात. सिलिंडर काही शंभर टक्के भरत नाहीत, म्हणून धरा ३००० लिटर. घराच्या गच्चीवरच्या १००० लिटरच्या तीन टाक्या भरतील एवढी हवा दर मिनिटाला त्या डब्यातून जाते. आणि एक भाग पेट्रोल नीट जाळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आपण पेट्रोलच्या भावावर भांडतो, पण इंजिनाचं खरं जेवण हवा आहे. पेट्रोल तोंडी लावायला.

ही हवा थंड पाहिजे, स्वच्छ पाहिजे, विनाअडथळा पाहिजे आणि कोरडी पाहिजे. चारही एकत्र साधायचं काम तो डबा करतो. बाहेरून बघितलं तर तो जेवणाच्या डब्याएवढाच बावळट दिसतो, म्हणून त्याची किंमत कुणाला नाही.

आणि इथेच आमच्या हौशी मंडळींना दोन शब्द सुनावणं भाग आहे. कारण डब्याची सगळ्यात जास्त बदनामी पोलिसांनी केलेली नाही, तुम्ही केली आहे. मूळ डबा काढून फेकायचा आणि त्या जागी लाल-निळा मशरूमसारखा कोन फिल्टर उघडाच लावायचा. दीड-दोन हजारात काम होतं, फुस्स-घुर्र असा आवाज येतो, आणि मालक म्हणतो पिकअप वाढला. पिकअप वाढलेला नसतो, आवाज वाढलेला असतो. माणसाचा मेंदू आवाजाला वेग समजतो.

हिशोब सांगतो. बाहेर ३५ अंश आहे. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची हवा सहज ६५ अंशांपर्यंत जाते. हवा तापली की विरळ होते, आणि ते प्रमाण निरपेक्ष तापमानावर चालतं. म्हणजे ३०८ भागिले ३३८. तेवढ्याच आकारमानात ९ टक्के हवा कमी. उघडा कोन फिल्टर ही बॉनेटखालची भाजलेली हवा ओढतो. कंपनीने दिलेला डबा मात्र पुढच्या जाळीजवळून किंवा चाकाच्या वरच्या पोकळीतून नळी काढून बाहेरची थंड हवा घेत होता. गाडी हायवेवर ऐंशीने पळत असेल तेव्हा हा फरक बराच कमी होतो, हे मान्य. पण आपल्या गाड्या हायवेवर किती आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला किती?

बरं, या ९ टक्क्यांच्या बदल्यात वाचलं काय? मूळ डब्याचा ‘अडथळा’. तो किती असतो हे मोजायला लॅब लागत नाही. पाणी-लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, दोन मीटर. इंग्रजी यूसारखी वाकवून एका फळीवर बांधा, थोडं रंगीत पाणी भरा. एक टोक डब्याच्या पुढे थ्रॉटलकडे जाणाऱ्या नळीत छोटं भोक पाडून जोडा, दुसरं उघडं. मोकळ्या माळावर चढाला गाडी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर घ्या. शेजारी बसलेल्याने नळी वाचायची, चालवणाऱ्याने नाही. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक पडतो तो अडथळा. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. फरक २० सेंटिमीटर आला तर नुकसान २ टक्के. संपलं. (नळी आखूड घेऊ नका, नाहीतर तेच पाणी इंजिन पिऊन टाकेल.)

म्हणजे २ टक्के वाचवायला ९ टक्के घालवले, वर पैसे दिले, वर शेजाऱ्यांची झोप घालवली. याला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.

खरा डबा बनवायचा तर काय काय बघावं लागतं, ते त्या पोराच्या डब्यावरून सांगतो. त्याने मूळ कागदी फिल्टर तसाच ठेवला, कारण तो बाजारात मिळतो आणि धूळ गाळण्यात कागदाला तोड नाही. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती लोखंडाला पॉलिश पेपरसारखी लागते. तेल लावलेले सुती फिल्टर धुऊन परत वापरता येतात हे खरं. पण तेल जास्त झालं की त्याचा थर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतो आणि मग गाडी मिसिंग मारते. डब्यात हवा खालून येते, फिल्टरमधून वर जाते. खालच्या तळाला त्याने सगळ्यात सखल कोपऱ्यात पाणी निघायला भोक ठेवलंय. पहिल्या डब्यात हवा येणारी नळी फिल्टरच्या अगदी जवळ आली होती, म्हणून सगळी धूळ एकाच कोपऱ्यात बसत होती आणि बाकीचा फिल्टर कोरा. फिल्टर काढून बघितल्यावर त्याला ते कळलं. दुसऱ्या डब्यात त्याने तळ खोल केला. बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड डब्याच्या आत तुतारीसारखं फाकवलंय, कारण धारदार काठावरून हवा वळताना भोवरे करते आणि वाट अरुंद होते. ते तोंड लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठोकून घडवलंय. मला विचाराल तर सगळ्या डब्यात बघण्यासारखी चीज ती आहे.

डबा त्याने बॉडीला बांधला, रबर बुशवर, आणि इंजिनाकडे जाणारी नळी लवचिक ठेवली. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही. दोघांना कडक जोडलं तर अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग काही महिन्यांत तडकतं, आणि तडकलेला तुकडा कुठे जाईल याचा विचार करा. इंजिनातून येणारी ब्रीदरची नळी, म्हणजे क्रँककेसमधली तेलकट वाफ परत जाळायला नेणारी, तीसुद्धा त्याने मूळ जागी, फिल्टरनंतरच्या भागात जोडली. कोन फिल्टरवाले बरेचदा ही नळी बाहेर मोकळी सोडतात. ते मात्र सरळ प्रदूषण आहे, आणि तिथे दंड झाला तर माझी काही हरकत नाही.

अजून एक गंमत. कंपनीच्या नळीला मध्येच एखादी बंद बाटली लोंबकळत असते, आत काहीच नाही, पुढे वाट नाही. पोरं म्हणतात “हे फुकटचं आहे” आणि कापून टाकतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो ना, तेच तत्त्व उलटं वापरलंय. एका ठरावीक आरपीएमला जो घुमारा येतो तो ती बाटली गिळते. कापली की गाडीत बसणाऱ्याचं डोकं दुखतं.

सेन्सरचं आता सांगतो, कारण हातोडी-छिन्नीचं काम इथे संपतं. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नळीतच बसवलेला असतो, तिथे नळीचा व्यास हा त्या मापाचा भाग असतो. ६० मिलिमीटरच्या जागी कुणी हौसेने ७० ची नळी घातली, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. हवा तेवढीच, पण वेग कमी, म्हणून सेन्सरला वाटतं हवा कमी आली. कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सांभाळून घेतो, पण त्याच्याही सांभाळण्याला हद्द असते. मग चेक इंजिनचा दिवा, मग “साहेब, दिवा बंद करून देतो, तीनशे रुपये.” दिवा बंद होतो, आजार राहतो. हे सगळं साध्या स्कॅनरवर दिसतं. फ्युएल ट्रिमचा आकडा शून्याजवळ आहे की २० टक्क्यांवर गेलाय, बघायला दोन मिनिटं लागतात.

थ्रीडी प्रिंटवाल्यांना आगाऊ सूचना: पीएलए नावाचं जे सगळ्यात स्वस्त प्लास्टिक तुम्ही वापरता ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बॉनेटखाली त्याचा डबा मे महिन्यात पुरणपोळी होईल.

आणि पाणी. आपल्या भागात तर हाच विषय पहिला पाहिजे होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्या दोन्ही पुरांत किती गाड्यांची इंजिनं उघडली गेली ते गॅरेजवाल्यांना विचारा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचे ३०० सीसी. कॉम्प्रेशन ११ ला १ असेल तर पिस्टन वर पोचतो तेव्हा डोक्यावर जागा उरते फक्त ३० सीसी. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची दहा मिलीची तीन टोपणं. एवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी किती खोल होतं याला महत्त्व नाही, हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड किती उंचावर होतं याला आहे. मूळ डब्यात ते तोंड बहुतेकदा बॉनेटच्या पातळीला असतं. थंड हवेच्या नादात ज्यांनी फिल्टर खाली बंपरमागे नेला, त्यांनी इंजिनाचं नाक गुडघ्याला लावलं. उन्हाळ्यात फार छान. पावसाळ्यात पंचगंगा.

शेतकऱ्याला हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. ट्रॅक्टरची हवेची नळी बॉनेटच्या वर चिमणीसारखी का असते? धूळ आणि पाणी दोन्ही खाली असतात म्हणून. जुन्या ट्रॅक्टरांना आणि जीपना तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असायचा, हवा तेलावरून जायची आणि कचरा तेलात बसायचा. नांगरटीच्या दिवसांत ते भांडं रोज उघडून बघायची शिस्त होती. कार घेतली आणि ती शिस्त सर्व्हिस सेंटरला आउटसोर्स केली.

इतकं सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की हवेच्या डब्याचं काम चांगलं झालंय की वाईट हे मोजता येतं. तापमान मोजता येतं, दाब मोजता येतो, ट्रिम दिसते, पीयूसीच्या मशीनवर धूर मोजता येतो, आवाजाला मीटर आहे, नळीच्या तोंडाची उंची टेपने कळते. यातली एकही गोष्ट नाक्यावर उभ्या माणसाच्या अंदाजावर सोडायची गरज नाही. तरी आपल्याकडे ती तशीच सोडलेली आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील आणि निर्मात्याचे मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आता आरसी बुक काढून बघा. त्यात इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, सीसी आहे, इंधन आहे, रंग आहे, आसनं आहेत. एअर फिल्टरच्या डब्याचा उल्लेख कुठे आहे? नाही. मग मूळ फुटलेल्या डब्याच्या जागी तसंच काम करणारा दुसरा डबा हा ‘बदल’ की दुरुस्ती? माझ्या मते दुरुस्ती. पण माझं मत रस्त्यावर चालत नाही, आणि ज्याच्या हातात पावती पुस्तक त्याचं चालतं. वर अपघात झाला तर इन्शुरन्सवाला याच डब्याकडे बोट दाखवायला मोकळा.

कुणी म्हणेल, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, बदलांना परवानगी देताच येत नाही. अहो, देताय की! सीएनजी किट काय आहे? टाकी डिकीत, नळ्या गाडीखालून, आणि गॅस सोडायचा तो थेट इंजिनाच्या हवेच्या वाटेत. एअर फिल्टरच्या डब्यापेक्षा शंभरपट गंभीर बदल. त्याला मान्यताप्राप्त किट आहे, अधिकृत बसवणारा आहे, आरटीओत आरसीवर नोंद आहे. लाखो गाड्या त्या वाटेने गेल्या. म्हणजे वाट कशी करायची हे सरकारला माहीत आहे. इंधन स्वस्त करायचं होतं म्हणून केली. कारागिराचं काम कायदेशीर करायला कुणाला घाई नाही, एवढंच.

बाहेर हे प्रश्न सुटलेले आहेत. जर्मनीत एका गाडीत केलेला एकच बदलसुद्धा टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तज्ज्ञाकडे नेता येतो. तो तपासतो, आवाज मोजतो, पटलं तर गाडीच्या कागदांवर नोंद होते, नाहीतर काढायला लावतो. प्रदूषणाच्या बाबतीत अत्यंत कडक असलेल्या कॅलिफोर्नियात बाजारात मिळणाऱ्या एअर इनटेकला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक लागतो. तो क्रमांक बॉनेटखाली चिकटवलेला असतो, धूर तपासणारा तो बघतो. दोन्हीकडे फालतू कोन फिल्टर आपोआप बाजूला पडतो आणि चांगला डबा राहतो. चाळणी आहे, भिंत नाही.

आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासून. उत्तम संस्था. पण ती वाहन कंपन्यांच्या मापाची. शेडमध्ये एक डबा बनवणारा माणूस तिथे जाऊन काय करणार? तिथे जायची त्याला गरजही पडू नये. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक जिल्ह्यात आरटीओ आहे, आणि बहुतेक जिल्ह्यांत ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल शाखा असलेलं किमान एक कॉलेज नाहीतर पॉलिटेक्निक आहे. आरटीओने त्यांच्यापैकी एकाला तपासणीचं काम द्यावं. एक पानाचा अहवाल, वर सांगितलेली मापं, फोटो, सही, ठरलेली फी. त्यावर आरटीओची नोंद. आवाज किंवा धूर मर्यादेबाहेर गेला तर डबा तिथेच उतरवून ठेवा. बदलांसाठी अटी ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, म्हणून हे जिल्ह्यात बसून होणार नाही हे मला कळतं. पण खासदार जिल्ह्यातूनच निवडून जातो ना? कारखान्याच्या निवडणुकीला वेळ मिळतो, तसा याला मिळेल.

“आरटीओत अजून एक टेबल वाढेल आणि त्या टेबलाखाली अजून एक हात.” हा आक्षेप मी स्वतःच घेतला असता. म्हणून तर मापं कॉलेजने घ्यावीत आणि आकडे नोंदीत असावेत. “चांगलं दिसतं” या शेऱ्याचा भाव ठरवता येतो. २२ सेंटिमीटरचे १२ करायचे तर कागदावर खोटं लिहावं लागतं, आणि दुसऱ्या कुणी दहा रुपयांच्या नळीने तेच परत मोजलं की पकडलं जातं.

दुसरा आक्षेप, हे श्रीमंत पोरांचे लाड आहेत. श्रीमंत पोरांची अडचणच होत नाही हो. ते नवी गाडी घेतात. अडचण होते जुनी गाडी चालवणाऱ्याची, ज्याचा सुटा भाग बंद झालाय. सीएनजी बसवल्यावर जागा उरत नाही म्हणून डबा हलवावा लागणाऱ्याची. दर पावसाळ्यात पाण्यातून जावं लागणाऱ्या गावच्या माणसाची. आणि सगळ्यात जास्त, ते काम हाताने करू शकणाऱ्या कारागिराची. आज त्याला पावती देता येत नाही, जाहिरात करता येत नाही, कामावर नाव घालता येत नाही. चांगलं काम करणारा आणि भंगार काम करणारा दोघेही शटर अर्धं ओढूनच काम करतात. मग गिऱ्हाइकाला फरक कळणार कसा?

एक गोष्ट मला फार खटकते. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी छोट्या रेसिंग कार बनवतात. सुप्राला जातात, कोइमतूरला फॉर्म्युला भारतला जातात. तिथे नियम असा की पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच गेली पाहिजे. साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. मग त्या भोकाच्या पुढे-मागे नळी कशी निमुळती करायची, डबा केवढा ठेवायचा, यावर पोरं रात्र-रात्र कॉम्प्युटरवर हवेचे प्रवाह काढत बसतात. उत्तम काम करतात, प्रमाणपत्रं मिळतात, आणि पुढच्या वर्षी त्यातले निम्मे पुण्यात हिंजवडीला जाऊन बँकेचं सॉफ्टवेअर लिहितात. तिकडे कॉलेजपासून चार किलोमीटरवर आमचा फिटर लाकडी ठोकळ्यावर तुतारी ठोकतोय, आणि त्याला कुणी सांगायला नाही की ही वक्रता थोडी मोठी घे. दोघांची गाठ पडायची एकही अधिकृत जागा नाही. कॉलेजमधलं तपासणी केंद्र ही ती जागा होऊ शकते. पोरांना खऱ्या गाड्या बघायला मिळतील, फिटरला आकडे.

हे शहर असल्या गोष्टींना परकं नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला, बाहेरून आणायची ऐपत नव्हती म्हणून. उद्यमनगरात आजही तुम्ही नमुना दाखवा, संध्याकाळपर्यंत तसाच भाग मिळतो. त्या काळी कुणी नाक्यावर थांबवून “हा कॅमेरा कंपनीचा नाही” म्हणून पावती फाडली नव्हती, हे आपलं नशीब.

असो. त्या पोराला मी डबा विकू नकोस म्हणून सांगितलंय. तोवर ज्यांच्याकडे असं घरचं काम आहे त्यांना विनंती: नळी लावून मोजा आणि खाली लिहा. गाडीचं मॉडेल, मूळ डब्याचा आकडा सेंटिमीटरमध्ये, नव्याचा आकडा, बाहेरचं आणि डब्यातलं तापमान, ट्रिम किती. वीस-पंचवीस गाड्यांचे आकडे जमले की ते कागदावर घेऊन आपण आरटीओ साहेबांकडे आणि मग खासदारांकडे जाऊ. कोन फिल्टरवाल्यांनीही मोजून टाका, हरकत नाही, माझं चुकलं असेल तर आकड्यात दिसेलच. फक्त “लय भारी आवाज येतोय भावा” असं लिहू नका. तो कॉलम मी ठेवलेला नाही.